सहा ऋतूंचा चौक : पर्थमधल्या एका रुग्णालयाच्या प्रकल्प नोंदी

१२ फेब्रुवारी २०२४, बुनुरू

आज जागा पहिल्यांदा नीट पाहिली. रुग्णालयाच्या इमारतींच्या मधोमध मोकळा चौक आहे, पूर्व-पश्चिम २६ मीटर आणि उत्तर-दक्षिण १८. तीन बाजूंना चार-चार मजले, उत्तरेला फक्त एकमजली जोडमार्ग. करडी फरशी, मध्ये एक मेपल, भिंतीलगत चार बाकं. बाहेर चाळीस अंश होते. बाकांवर कोणीच नव्हतं, आणि पत्र्याच्या त्या बाकावर हात ठेवल्यावर कारण कळलं.

दक्षिणेच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर डायलिसिस, त्याच्या वर बाळंतिणींचा वॉर्ड. डायलिसिसच्या खुर्च्यांची तोंडं खिडकीकडे आहेत. आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चार-पाच तास, माणसं तिथे बसून समोरची भिंत पाहतात. त्यातली बरीच जण राज्याच्या उत्तरेकडच्या किंबर्लीची किंवा पिलबाराची, म्हणजे घरापासून हजार-दोन हजार किलोमीटर दूर आलेली. परिचारिकेने एक गोष्ट सांगितली ती इथे लिहून ठेवते, कारण सगळं काम त्यावरच उभं राहणार आहे. काही आदिवासी रुग्ण उपचार अर्धवट सोडून निघून जातात. कागदावर त्याला 'वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध' म्हणतात. तिच्या मते त्यातल्या अनेकांना उपचार नको असतात असं नाही. त्यांना छत सोसत नाही.

पैसा पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्याच्या कलायोजनेतून येतोय. १९८९पासून इथल्या सरकारी बांधकामांच्या खर्चातला एक टक्क्यापर्यंतचा वाटा कलेसाठी राखतात. कलाकार निवडली गेली आहे. ती वाजुक नूंगार आहे, म्हणजे नैर्ऋत्येच्या नूंगार आदिवासींपैकी, पर्थ ज्या जमिनीवर वसलंय त्या जमिनीची. माझ्याकडे लँडस्केपची बाजू आहे: माती, उतार, पाण्याचा निचरा, झाडं, आणि तिने काढलेलं जागेवर तसंच उभं राहील हे बघणं.

या नोंदींत कोणाचंच नाव लिहिणार नाही. अनेक नूंगार कुटुंबांत गेलेल्या माणसाचं नाव उच्चारत नाहीत, आणि हे काम दीड-दोन वर्षं चालणार आहे. तारखेसोबत नूंगार ऋतू लिहायचा, हे मात्र ठरवलंय. बुनुरू म्हणजे दुसरा उन्हाळा, सगळ्यात कडक.

२७ फेब्रुवारी, बुनुरू

एल्डरांच्या, म्हणजे नूंगार समाजातल्या ज्येष्ठांच्या, गटासोबत पहिली बैठक. पाच जण होते. इथे वडीलधाऱ्यांना सगळे आंटी आणि अंकलच म्हणतात, नातं असो-नसो. आपल्याकडे शेजारच्या बाईला मावशी म्हणतात तसंच, त्यामुळे माझी जीभ अडखळली नाही.

खोलीत थकवा होता. गेल्या १४ ऑक्टोबरला संसदेत आदिवासींचा सल्लागार आवाज असावा की नाही यावर देशभर मतदान झालं आणि एकूण एक राज्याने 'नाही' म्हटलं. त्यानंतर चारच महिन्यांनी आम्ही 'तुमचं म्हणणं सांगा' म्हणत समोर बसलो होतो. एक अंकल तासभर काहीच बोलले नाहीत.

मी स्लाइड दाखवल्या: ऊन, सावली, वारा, येण्याजाण्याच्या वाटा. सावलीचा आराखडा करताना मी दर वेळी स्वतःला बजावते की इथे ऊन उत्तरेकडून येतं. मकुरूत, म्हणजे जून-जुलैत, भरदुपारी सूर्य जेमतेम ३४-३५ अंशांवर असतो. उत्तरेची बाजू एकमजली आहे म्हणूनच या चौकाला हिवाळ्यात ऊन मिळतं. ते सगळं ऐकून घेतल्यावर ज्येष्ठ आंटींनी एकच प्रश्न विचारला : "इथलं पाणी कुठे गेलं?"

मला वाटलं त्या गटाराबद्दल विचारताहेत. त्या जुन्या पाणथळींबद्दल विचारत होत्या. आजचं पर्थ शहर तळ्यांच्या आणि दलदलींच्या साखळीवर उभं आहे. १८२९मध्ये वसाहत आली आणि पुढच्या काही दशकांत ती तळी उपसून बुजवली गेली. शहराचं मुख्य रेल्वे स्थानक आहे तिथे तळं होतं. तिथे लव्हाळ्याचे कंद, कासवं, बदकं आणि काळे हंस होते. आंटींच्या दृष्टीने ते इतिहासात जमा झालेलं नाही, त्या जागेवर उभं राहूनही तिला तळंच म्हणतात.

पुढची बैठक नदीवर घ्यायची, असं त्यांनीच सांगून टाकलं.

१९ मार्च, बुनुरू

नदीवर. डर्बल येरिगन, नकाशात स्वान.

पाण्याजवळ जायच्या आधी आंटींनी थांबवलं. मूठभर वाळू घ्यायची, हातात धरून ऊब द्यायची, पाण्यात टाकायची आणि आपण कोण ते सांगायचं. ही नदी वागलने, म्हणजे नूंगारांच्या सृष्टी घडवणाऱ्या नागाने, घडवली, तो अजून तिच्यात आहे, आणि अनोळखी माणसाने न सांगता उतरणं बरं नव्हे. मी इंग्रजीत सुरुवात केली तेव्हा त्या म्हणाल्या, "तुझ्या घरी बोलतात तसं बोल."

मग मी मराठीत सांगितलं. माझं नाव, आईचं नाव, वाई, कृष्णा. घाटाच्या पायरीवर वाकून पाणी डोळ्याला लावायची आजी आठवली आणि पुढचं बोलताच येईना. कोणी घाई केली नाही.

परतताना कलाकाराने जे म्हटलं ते माझ्या दृष्टीने आजवरचं सगळ्यात नेमकं वाक्य आहे. किंबर्लीहून आलेला रुग्णही या जमिनीवर पाहुणाच असतो. त्याला कोणी 'वांजू', ये, बस, असं म्हटलेलं नसतं. विमानातून उतरवून थेट खाटेवर टाकलेलं असतं. चौकाने आधी ते म्हणायला हवं.

९ एप्रिल, जेरान

आज माझ्याकडून मोठी चूक झाली. कलाकाराची रेखाटनं यायची होती, तोवर 'कल्पना यावी' म्हणून मी संगणकावर एक चित्र केलं होतं : चौकभर वळसे घेत गेलेला कांस्याचा नाग, डोकं प्रवेशद्वाराशी. वागलबद्दल वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आपोआप शेष आला, नागपंचमीच्या पाटावरचा चंदनाने काढलेला नाग आला. जे मला ठाऊक होतं ते मी त्यांच्या गोष्टीवर चढवलं.

आंटींनी चित्र पाहिलं आणि टेबलावर पालथं ठेवलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "त्याला तोंड देऊ नका. नदी काढा. नदी काढली की तो आलाच."

आणि हेही, की माणसं पाय देतील तिथे तर नाहीच नाही.

घरी येऊन फाइल पुसली. कलाकाराला फोन करून माफी मागितली, तर ती म्हणाली की पुढच्या वेळी आधी विचार, मग काढ. हे वाक्य आता ऑफिसच्या कामाच्या यादीत पहिल्या ओळीवर आहे.

पण त्यातूनच मुख्य रेघ मिळाली. डर्बल येरिगन डोंगरकड्याकडून येते आणि पश्चिमेला समुद्राला मिळते. आपला चौकही पूर्व-पश्चिमच लांब आहे. पूर्वेच्या इमारतीच्या छताचं पाणी ज्या नळातून खाली येतं, तिथून फरशीत कोरलेली एक पन्हळ निघेल, नदीची खरी वळणं घेत, मध्ये दक्षिणेकडून जार्लगारो बीलियर, म्हणजे कॅनिंग, येऊन मिळेल, आणि पश्चिमेच्या जाळीत ती संपेल. पाऊस पडला तर वाहील. नाही पडला तर कोरडी राहील.

२ मे, जेरान

संसर्ग-नियंत्रण विभागासोबत तीन तास. रुग्णालयात कला करायची तर हीच खरी परीक्षा, आणि मला ती बैठक आवडली. समोरच्या डॉक्टर बाई नकार देत नव्हत्या, नकाराचं कारण देत होत्या.

कारंजं नाही. उडणाऱ्या तुषारांतून लेजिओनेलाचे जिवाणू फुप्फुसात जातात. साचलेलं पाणी नाही. पन्हळीला चालेल, पण पाऊस थांबल्यावर ती तासाभरात कोरडी पडली पाहिजे. म्हणजे उतार काटेकोर हवा, खळगा कुठेही नको. पिशवीतली कुंडीमाती नाही, कारण लेजिओनेलाचीच एक जात, लाँगबीचे, तिच्यात वाढते आणि धुळीसोबत श्वासात जाते. इथे कुंडीमातीच्या पिशव्यांवर तसा इशारा छापलेला असतो. झाडांच्या बुडाशी लाकडाचा भुसा किंवा सालपट नाही. त्यात ॲस्परजिलस बुरशी धरते आणि केमोथेरपीच्या रुग्णांच्या जिवावर बेतू शकतं.

मग झाडांच्या मुळाशी पसरायचं काय? उत्तर डोंगरकड्यावर होतं. डार्लिंग कड्यावर जारा वृक्षांच्या खाली तांबडी, गोल, वाटाण्याएवढी खडी पसरलेली असते. तो जांभा आहे. आपल्या कोकणातला, महाबळेश्वरच्या माथ्यावरचा, तोच जांभा, इथे खड्याच्या रूपात. धुतलेली जांभ्याची खडी आणि खाली जागेवरचीच वाळू, यावर डॉक्टर बाईंनी सही केली. नमुन्याचे चार खडे मी खिशात घालून घरी आणले.

२८ मे, जेरान

आदिवासी आणि बाकीचे ऑस्ट्रेलियन यांच्यातल्या समेटाचा आठवडा सुरू आहे. रुग्णालयाच्या दारात केक होता.

केक झाल्यावर आजवर गप्प असलेले अंकल माझ्या शेजारी चौकात येऊन बसले. १९२७ ते १९५४ या काळात पर्थ शहराचा मध्यभाग आदिवासींना बंद होता. कामधंदा किंवा परवाना असल्याशिवाय आत यायचं नाही. त्यांच्या आईला दुखणं आलं की आधी कागद शोधावा लागे, मग डॉक्टर. सरकारी माणसं मुलं उचलून नेत, म्हणून बाळंतपणाला रुग्णालयात जायची भीती ती वेगळीच. हे सांगताना त्यांनी आवाज चढवला नाही की उतरवला नाही.

"लहानपणी आम्ही दवाखान्याच्या मागच्या दाराने जायचो," ते म्हणाले. मग चौकाच्या दारांकडे बघून विचारलं, "यातलं पुढचं दार कुठलं?"

चौकाला तीन दारं आहेत आणि तिन्ही मागची आहेत. आराखड्यात बदल : जोडमार्गातलं उत्तरेचं दार रुंद करायचं, मुख्य प्रवेशाच्या दालनातून सरळ दिसेल असं.

११ जून, मकुरू

ऋतूंवर दिवसभर चर्चा. नूंगार वर्षाचे सहा ऋतू : बिराक, बुनुरू, जेरान, मकुरू, जिल्बा, कंबारांग. वसंत-ग्रीष्म-वर्षा-शरद-हेमंत-शिशिर पाठ केलेल्या मला सहा हा आकडा परका नाही. चार ऋतूंचं कॅलेंडर इथे जहाजातून आलं आणि ते या हवेला कधीच बसलं नाही.

रुग्णालयाला सहा शिळा हव्या होत्या, प्रत्येकीवर ऋतूचं नाव आणि खाली महिने. आंटी म्हणाल्या, महिने नकोत. जेरान १ एप्रिलला सुरू होत नाही. पहाटे गवतावर दव दिसतं, उडत्या मुंग्या निघतात, वारा मंदावतो, तेव्हा जेरान आलेला असतो. गेल्या उन्हाळ्यात पाऊसच आला नाही. कड्यावरच्या जारा आणि मारी या झाडांचे पट्टेच्या पट्टे तपकिरी पडलेले आम्ही सगळ्यांनी पाहिलेत. त्या वेळी कॅलेंडर एक सांगत होतं आणि जमीन दुसरं.

मला हे लगेच पटलं. मृगाचा पाऊस सात जूनला येतो असं म्हणणारी माणसंही आभाळ बघूनच पेरतात.

ठरलं ते असं : शिळांवर महिने नाहीत, खुणा आहेत. काय फुललंय, कोण बोलतंय, वारा कुठून येतोय. आणि शिळेजवळ तीच झाडं, म्हणजे खूण जागेवरच पडताळता येईल. डायलिसिसचा रुग्ण आठवड्यातून तीनदा, वर्षानुवर्षं येतो. तो कोणापेक्षाही आधी ऋतू ओळखेल.

२३ जुलै, मकुरू

झाडांची यादी. बाल्गा (गवतवृक्ष), छोटे बँक्सिया, कांगारूच्या पंजासारखी लाल-हिरवी फुलं येणारं कुरुलब्रांग, वॉनिल (इथलं पेपरमिंटचं झाड), पिवळी वॉटल. एक तरणा मारी, दूर वायव्य कोपऱ्यात. मारीच्या खोडातून रक्तासारखा लाल डिंक येतो. नूंगार तो जखमेवर लावत आणि पोट बिघडलं की देत. आंटी त्याला औषधाचं कपाट म्हणतात. फलकावर मात्र औषधी उपयोग लिहायचे नाहीत, असं त्यांनी आणि रुग्णालयाच्या औषधशास्त्रज्ञाने वेगवेगळ्या कारणांनी एकाच दिवशी सांगितलं. जिरिजी, म्हणजे झामिया, वगळलं. त्याच्या बिया बऱ्याच प्रक्रियेनंतरच खाता येतात, तशाच खाल्ल्या तर विषारी, आणि चौकात मुलं येणार.

मला मुजा फार हवं होतं. डिसेंबरात भर उन्हात सगळं करपलेलं असताना ते झाड एकटं केशरी पेटतं. बिराकची त्याहून मोठी खूण नाही. विद्युत विभागाच्या माणसाने ऐकताक्षणी नकार दिला : मुजा अर्धपरोपजीवी आहे, त्याची मुळं जमिनीखाली दुसऱ्या मुळांना कडं घालून कापतात, आणि वायरलाही मूळ समजून कापतात. चौकाखालून वॉर्डांच्या केबल जातात.

मी पर्याय शोधत बसले होते, पण आंटींनी तो विषयच संपवला. मेलेल्यांचे आत्मे पुढच्या प्रवासाला निघायच्या आधी मुजावर विसावतात. त्याची फुलं तोडत नाहीत, त्याच्या सावलीत झोपत नाहीत. "आजारी माणसाच्या खिडकीसमोर ते झाड? नको गं."

बिराकच्या शिळेवर मुजाचं चित्रही नाही. तिथे वारा असेल : सकाळी पूर्वेचा गरम, दुपारनंतर समुद्रावरचा गार.

२० ऑगस्ट, जिल्बा

अक्षरांची बैठक. नूंगार भाषा पिढ्यानपिढ्या बोलली गेली, लिहिली नंतर, आणि तीही ऐकणाऱ्या इंग्रजांनी आपापल्या कानाने. जमातीचं नावच चार-पाच स्पेलिंगांनी लिहितात. 'बूजा', म्हणजे भूमी, याच्या शेवटी रोमनमध्ये 'आर' लावायचा की नाही यावर दोन कुटुंबांचं एकमत नाही. शेवटी गटाने एक पद्धत निवडली आणि तळाशी लिहायचं ठरवलं की इतर रूपंही तितकीच बरोबर आहेत.

एक गोष्ट मला आतून सुखावून गेली. नूंगारमध्ये 'ङ'ने सुरू होणारे शब्द आहेत. ङांक म्हणजे आई, आणि ङांक म्हणजेच सूर्य. इंग्रजी बोलणाऱ्यांची जीभ तिथे अडते, कारण त्यांच्या भाषेत हा ध्वनी शब्दाच्या सुरुवातीला येत नाही. मी कलाकाराला वहीत क ख ग घ ङ लिहून दाखवलं. आमच्याकडे या ध्वनीला स्वतंत्र अक्षर आहे, प्रत्येक मूल ते पाठ करतं, पण त्याने सुरू होणारा एकही शब्द आमच्याकडे नाही. ती बराच वेळ त्या अक्षराकडे बघत राहिली. म्हणाली, "टिंब दिलंय ते छान आहे."

बाळंतिणींच्या खिडक्यांना समोर येणाऱ्या भिंतीवर तोच शब्द जाणार आहे, रोमनमध्ये, एकटा. आई आणि सूर्य.

१७ सप्टेंबर, जिल्बा

पक्ष्यांचा पहिला नमुना कारखान्यात पाहिला. कलाकाराने दोन जातींचे काळे काकाकुवा काढलेत : ङूलार्क, पांढऱ्या शेपटीचा, आणि काराक, लाल शेपटीचा. ङूलार्क फक्त याच नैर्ऋत्य कोपऱ्यात सापडतो आणि धोक्यात आहे. काराक मारीची कठीण फळं फोडून खातो. हे थवे ओरडत आले की पाऊस येणार, असं इथे जुने लोक म्हणतात.

ॲल्युमिनियमचे ३० पक्षी, लेझरने कापलेले, दोन इमारतींच्या मधल्या तारांवर. खरं काम पक्ष्यांचं नाही, सावल्यांचं आहे. हिवाळ्यातलं तिरपं ऊन सावल्या दक्षिणेच्या खिडक्यांवर टाकेल आणि ज्याला उठता येत नाही त्याच्या भिंतीवरून थवा जाईल. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असताना तोच थवा फरशीवर उतरेल.

पहिला नमुना चकचकीत होता. दिव्याखाली फिरवला तेव्हा डोळे दिपले. मॅट काळा करायला सांगितलं, शेपटीच्या पट्टीला फक्त रंग. पंखांच्या जाळीत बोट अडकू नये, पावसाळी वाऱ्यात शीळ वाजू नये, हेही तपासायचंय. रात्री वॉर्डात शीळ ऐकू आली तर सगळं काम फुकट.

१२ नोव्हेंबर, कंबारांग

खर्च वाढला. कंत्राटदाराकडून काटछाटीची यादी आली : पक्षी ३०चे १८, बाकं निम्मी, उत्तरेचं दार आहे तसंच.

कलाकाराने पक्षी सोडले. मला धक्का बसला, कारण तिच्या नावाने ओळखली जाणारी गोष्ट तीच होती. दारावर आणि बाकांवर मात्र ती हटली नाही. "अठरांचाही थवाच होतो," ती म्हणाली. "पण दहा माणसं घेऊन भेटायला आलेल्या कुटुंबाला चार जणांचं बाक दिलं, तर सहा जण उभे राहतात आणि मग सगळेच निघून जातात."

दार राहिलं. लांब, वळणदार, जारा लाकडाचं बाकही राहिलं. आणखी एक : संपर्क विभागाला पक्ष्याचं चित्र पत्रांवर आणि मगांवर वापरायचं होतं. करारानुसार चित्र कलाकाराचं आणि त्यामागची गोष्ट समाजाची, म्हणून नाही. विषय दोन मिनिटांत मिटला, कारण कलम आधीच लिहून घेतलं होतं.

१४ जानेवारी २०२५, बिराक

मेपल काढला. तो बॉक्स-एल्डर मेपल होता आणि त्याच्या खोडाला सुईच्या टोकाएवढी भोकं सापडली. जेमतेम दोन मिलिमीटरचा भुंगा, २०२१च्या ऑगस्टमध्ये पूर्व फ्रीमँटलला पहिल्यांदा आढळला. तो खोडात बोगदे करून बुरशी पेरतो, तीच खातो, आणि झाड आतून वाळतं. पर्थ महानगरातून ओलं लाकूड बाहेर न्यायला बंदी आहे. झाडाचे अडीच सेंटिमीटरहून लहान तुकडे करून नेले.

चौकाभोवती धुळीचा पडदा, आतून हवा ओढणारी यंत्रं, दगड कापायचा तो ओलाच. काम चालू असताना डायलिसिसच्या खिडक्यांवर आम्ही कागद चिकटवणार होतो. रुग्णांनीच नको म्हणून सांगितलं, त्यांना बघायचंय.

११ मार्च, बुनुरू

पन्हळीची चाचणी. बादलीने पाणी ओतलं. कॅनिंगच्या संगमापाशी हाताच्या तळव्याएवढं डबकं राहिलं. दोन दगड उचलून पुन्हा बसवले, मग वाहिलं.

दुसरी चाचणी खाटेची. खरी रुग्णालयाची खाट, तिच्यावर वाळूच्या पिशव्या, ढकलायला दोन परिचारक. दार ओलांडताना पाच मिलिमीटरचा उंबरा लागला आणि खाट थरथरली. आम्हाला पाच मिलिमीटर चालतात, पण ज्याच्या पाठीच्या मणक्यात दुखतंय त्याला नाहीत. उंबरा घासून सपाट केला. व्हीलचेअरचा उतार, ओल्या फरशीची पकड, सगळं ठीक. पन्हळ ओलांडायला तीन जागी कांस्याच्या पट्ट्या.

६ मे, जेरान

बाल्गा आले. रस्ता रुंदीकरणात तोडले जाणार होते, परवान्याने वाचवलेले. पाच झाडं, क्रेनने छतावरून. बाल्गाचं खोड वर्षाला साधारण सेंटिमीटरभर वाढतं. सगळ्यात उंच सुमारे दोन मीटरचा आहे, म्हणजे पर्थमध्ये पहिलं गोरं घर बांधलं गेलं तेव्हा तो जमिनीतून डोकं काढून उभा असेल. तो हवेत लोंबकळत चौथ्या मजल्यावरून खाली येत होता तेव्हा सगळ्या खिडक्यांत माणसं होती.

बूट धुतले, फावडी निर्जंतुक केली. मुळं कुजवणारी फायटोफ्थोरा मातीसोबत येते आणि बँक्सियाचा फडशा पाडते. बाल्गांना दोन वर्षं नियमित पाणी लागेल. हे देखभालीच्या करारात ठळक लिहिलंय, तरी मी स्वतः माळ्याला दोनदा सांगितलं.

अंकलनी प्रत्येक बाल्गाच्या बुडाशी हात ठेवून काहीतरी म्हटलं. मी विचारलं नाही.

१७ जून, मकुरू

पक्षी चढले. दुपारी साडेबाराला ढग हटले आणि सावल्या पडल्या, पण पहिल्या मजल्यावर नव्हे. हिशेबात तारांचा झोल धरला होता तो प्रत्यक्षात कमी निघाला, त्यामुळे थवा बाळंतिणींच्या वॉर्डात गेला. तारा आणखी खाली सोडाव्या लागल्या. तोवर एका नवजात बाळाच्या पाळण्यावरून पहिला पक्षी गेला होता. त्या आईने फोटो काढून परिचारिकेकडे दिला, आम्हाला दाखवायला.

१० जुलै, मकुरू

चौक उघडला. त्याआधी धुराचा विधी, ज्यासाठी तीन आठवडे कागदपत्रं चालली होती : चौकाकडची हवा ओढणारी यंत्रं ४० मिनिटं बंद, जोडमार्गातले धूरसूचक अलग, अग्निशमनचा माणूस हजर, दमेकऱ्यांच्या खिडक्या बंद. बाल्गाची आणि वॉनिलची ओली पानं. धूर भिंतींच्या मध्ये सरळ वर चढला.

आंटींनी पूर्वेकडून पश्चिमेकडे, पन्हळीच्या कडेने चालत धूर दिला. पन्हळीत पाय ठेवला नाही. मग 'काया', म्हणजे नमस्कार, म्हणाल्या, 'वांजू' म्हणाल्या आणि उत्तरेच्या दाराकडे वळून थांबल्या. गेल्या वर्षी ज्यांनी पुढचं दार कुठलं विचारलं होतं ते अंकल त्या दारातून आत आले. भाषणं होती, ती लिहीत नाही.

२६ जुलै, मकुरू

देखभालीची पाहणी. रात्रभर पाऊस होता. पन्हळ भरून वाहत होती, पश्चिमेच्या जाळीवर पानं अडकली होती ती काढली. दुसऱ्या बाल्गाची आतली पानं पिवळी वाटतात, माळ्याला कळवलं.

पाऊस थांबल्यावर दक्षिणेच्या दारातून एक खाट बाहेर आली. पिलबाराहून आलेले म्हातारे गृहस्थ, सोबत मुलगी, नातवंडं, दोन परिचारिका आणि सलाइनचा खांब. लांब बाकावर सगळे मावले. त्यांनी मुलीला काहीतरी सांगितलं. तिने येऊन मला विचारलं, यात वाळू कुठे मिळेल?

बाल्गाच्या बुडाशी जांभ्याची खडी बाजूला सारली की खाली जागेवरची वाळू आहे. मी मूठभर काढून दिली. ओली, गार होती. त्यांनी ती बराच वेळ हातात धरून ठेवली आणि मग खाटेवरून हात खाली सोडून पन्हळीत टाकली.

वाळू संगमापर्यंत गेली आणि तिथे बसली. संध्याकाळपर्यंत पाणी सरलं होतं. ती काढायची की नाही हे सोमवारी संसर्ग-नियंत्रणाला विचारायचं आहे, आणि आंटींनाही.